पिल्सनमधली पानादेरिया: पाच डॉलरात पिशवीभर गोड

शिकागोत नवीन आलेली पोरं हमखास विचारतात की स्वस्तात गोडधोड कुठं मिळतं, आणि दरवेळी कुणीतरी त्यांना देशी दुकानांच्या डेव्हन अव्हेन्यूला पाठवून देतं. डेव्हनशी माझं काही वाकडं नाही, पण यूआयसी विद्यापीठाच्या बाजूला राहणाऱ्याला तिथवर जायचं म्हणजे अख्खी दुपार गेली, वर मिठाई पाऊंडावर, आणि काट्यावरचा आकडा बघून "दोन कमी करा हो" म्हणायची लाज वाटते ती वेगळीच. त्यापेक्षा पिंक लाईनची ट्रेन पकडा, १८व्या स्ट्रीटला उतरा (स्टेशनच्या भिंतींवर जिन्यावर सगळीकडे चित्रं रंगवलेली आहेत, चुकायचा प्रश्नच नाही) आणि जी पानादेरिया आधी दिसेल तिच्यात शिरा. पानादेरिया म्हणजे मेक्सिकन बेकरी. या भागाचं पिल्सन हे नाव चेक लोकांनी आपल्या प्ल्झेन गावावरून ठेवलं होतं, पण कित्येक दशकं झाली हा मेक्सिकन मोहल्ला आहे आणि इथल्या बेकऱ्या मोहल्ल्यातल्या लोकांसाठीच चालतात, इन्स्टावाल्यांसाठी नाही, निदान मी जिथं जाते ती तरी नाही.

मी ज्या दुकानाबद्दल लिहितेय ते कोपऱ्यावरचं आहे, पाटीचा रंग उडालाय, काचेवर आतून फोन कार्डाच्या आणि पैसे पाठवायच्या जाहिराती चिकटवलेल्या, बसायला जागा नाही. नाव मुद्दाम सांगत नाही कारण या रस्त्यावर आणि तिकडे लिटल व्हिलेज या दुसऱ्या मेक्सिकन मोहल्ल्यात २६व्या स्ट्रीटवर अशी बरीच दुकानं आहेत आणि खाली लिहिलेलं बहुतेक सगळं तिथंही लागू पडतं, उगाच सगळ्यांनी एकाच दुकानात गर्दी नको.

आत गेल्यावर पहिल्यांदा गोंधळायला होतं कारण कुणी विचारत नाही काय हवं. दाराजवळ गोल ॲल्युमिनियमच्या ताटल्यांची चवड असते आणि शेजारी चिमटे. एक ताटली एक चिमटा घ्यायचा आणि भिंतीला लागून जी काचेची कपाटं आहेत त्यांची दारं उघडून आपल्या हाताने माल काढायचा. हाताने म्हणजे चिमट्याने हां, बोटं लावलीत तर काउंटरवरची मावशी तिथून ओरडते. सगळं झालं की ताटली काउंटरवर ठेवायची, मावशी चिमट्याने एकेक उचलून कागदी पिशवीत टाकते आणि तोंडाने मोजते, बारकोड वगैरे काही नाही. गंमत म्हणजे बहुतेक सगळ्याला एकच भाव. सध्या एक नग दीड डॉलरच्या आसपास आहे, डझन घेतलं तर थोडं कमी करतात. साधा बन घ्या नाहीतर जॅम-खोबरं लावलेलं नक्षीदार काही घ्या, भाव तोच, त्यामुळे हिशोब करत उभं राहायची गरज नाही. पाच डॉलरची नोट घेऊन गेलं की तीन मोठे नग आणि वर काउंटरवरच्या दोनेक चिल्लर गोळ्या येतात, आणि तीन नग म्हणजे दोन माणसांचा नाश्ता आरामात.

आता मुद्द्याचं. हे मिठाईचं दुकान नाही, हे ब्रेडचं दुकान आहे. हे डोक्यात ठेवून गेलात तर खूश होऊन याल नाहीतर माझ्या रूममेटसारखं होईल, ती पहिला घास खाऊन म्हणाली "अगं हा तर नुसता गोड पाव आहे". हो बाई, गोड पावच आहे. कपाटातल्या या सगळ्या मालाला मिळून पान दुल्से म्हणतात आणि तो नुसता खायचा नसतोच, कॉफीत नाहीतर गरम चॉकलेटमध्ये बुडवून खायचा असतो, म्हणून साखर बेताची आणि पाव जरा कोरडाच. गुलाबजामच्या अपेक्षेने जाणारे लोक मग दोन स्टार देऊन मोकळे होतात आणि मला त्यांचा राग येतो. स्वस्त असण्याचं कारण पण हेच आहे, मैदा साखर यीस्ट आणि काहीतरी स्निग्ध, बाकी सगळी कारागिरी हाताची. आणि मोहल्ल्यातली माणसं रोज संध्याकाळी घरी जाताना पिशवी भरून नेतात त्यामुळे माल खपतो.

सगळ्यात आधी कोंचा घ्या. कोंचा म्हणजे शिंपला. गोल फुगलेला तळहाताएवढा पाव आणि त्यावर मैदा, पिठीसाखर आणि तुपट काहीतरी मळून केलेली एक पातळ चकती थापलेली असते, त्यावर शिंपल्यासारख्या रेघांचा साचा दाबतात. पाव भट्टीत फुगला की वरची चकती त्या रेघांवर तडकते आणि खालचा पाव फटींतून दिसायला लागतो. पांढरा, तपकिरी, गुलाबी, पिवळा असे रंग असतात. तपकिरीत कोको असतो, बाकीच्यांची चव आमच्या दुकानात तरी डोळे मिटून ओळखता येणार नाही, गुलाबी म्हणजे नुसता रंगच आहे पण लहान मुलं तोच मागतात. चांगला कोंचा ओळखायची खूण म्हणजे चिमट्याने उचलताना तो किंचित दबून परत वर आला पाहिजे, आणि वरची साखर चकतीच्या चकतीच निघून आली नाही पाहिजे. फाडल्यावर आत पिसासारखे धागे सुटले की समजा आजचा आहे. बाकी कितीही काळजी घ्या, ती साखर कपड्यांवर सांडणारच, काळा स्वेटर घालून ट्रेनमध्ये कोंचा खाऊ नये एवढंच सांगते.

वेळ फार महत्त्वाची आहे. आमच्याकडे सकाळी लवकर एकदा माल निघतो आणि परत दुपारी चार-साडेचारला, कारण मेक्सिकन घरांमध्ये रात्रीचं जेवण बऱ्याचदा हलकंच असतं, कॉफी आणि गोड पाव, झालं. म्हणून संध्याकाळी पाचला जा, मागच्या दारातून उंच चाकांची रॅक बाहेर ढकलत आणतात, पत्र्यांवरून अजून वाफ येत असते आणि लोक कपाटात लावायची वाटसुद्धा बघत नाहीत, सरळ रॅकवरूनच उचलतात. दुपारी दोनला गेलात तर सकाळचा वाळका माल मिळेल आणि मग म्हणाल की हिने काहीही लिहिलं. कालचा उरलेला माल दाराजवळच्या टोपलीत प्लॅस्टिक पिशव्यांत भरून निम्म्या भावात ठेवतात, तो पण वाईट नाही, दुधात बुडवायचाच असेल तर तोच घ्या.

कोंचानंतर माझं आवडतं म्हणजे मार्रानितो. डुकराच्या आकाराचं असतं, काही जण पुएर्कितो म्हणतात, म्हणजे तेच, छोटं डुक्कर. घाबरू नका, आकारच डुकराचा आहे, आत मांस वगैरे काही नाही. यात पिलोन्सियो घालतात आणि पिलोन्सियो म्हणजे उसाच्या रसाचा गूळच, फक्त शंकूसारख्या साच्यात ओतलेला आणि जरा जास्त काळपट. रंग गडद तपकिरी, बिस्किटापेक्षा मऊ आणि केकपेक्षा घट्ट, कधी थोडी दालचिनी लागते. दुसऱ्या दिवशीसुद्धा चांगलं राहणारं या दुकानातलं बहुधा हे एकच. तो पिलोन्सियो दुकानात नुसता पण मिळतो, पुरणपोळीला मी तोच वापरते, डेव्हनपर्यंत जायचा कंटाळा. फक्त भयंकर कडक असतो, किसताना खांदा निघतो, आधी मायक्रोवेव्हमध्ये थोडा गरम करून घ्या.

पोल्वोरोन म्हणजे सरळ नानकटाई, तशीच भुसभुशीत, हातात घेतली की कोपरा ढासळतो, गुलाबी-पिवळा-तपकिरी असे तीन रंग एकत्र असलेली मिळते. ओरेखा म्हणजे कान, पापुद्र्यांची पेस्ट्री दोन्हीकडून गुंडाळून कापतात आणि कडेची साखर जळून करकरीत होते, हे चहाबरोबर. बेसो म्हणजे दोन अर्धगोल जॅमने चिकटवून वर साखर नाहीतर खोबरं, दिसायला भारी खायला ठीकठाक. एम्पानादा (सारण भरलेली, करंजीसारखी) घेणार असाल तर अननसाची किंवा लाल भोपळ्याची, पेरूची दिसली तर सोडूच नका पण ती रोज नसते. क्रीमच्या नळ्या असतात त्या मात्र टाळा, आतलं क्रीम पिवळं आणि पिठूळ, मला कधीच आवडलं नाही आणि आवडलेला माणूस अजून भेटलेला नाही.

यातल्या निम्म्या गोष्टी फ्रेंच वाटतात ना, तर आहेतच. गहू मेक्सिकोत स्पॅनिश लोकांनी आणला आणि पेस्ट्रीचं वेड फ्रेंचांकडून आलं, आणि ते प्रेमप्रकरण काही सरळ नव्हतं. मेक्सिको सिटीत ताकुबाया म्हणून भाग आहे, तिथल्या एका फ्रेंच पेस्ट्रीवाल्याने तक्रार केली की मेक्सिकन अधिकाऱ्यांनी माझं दुकान लुटलं, भरपाई द्या. अशा सगळ्या फ्रेंचांच्या तक्रारी एकत्र करून फ्रान्सने ६ लाख पेसो मागितले, मिळाले नाहीत म्हणून १८३८ मध्ये आरमार पाठवून वेराक्रूझ बंदराची नाकेबंदी केली. या भानगडीला इतिहासात चक्क पेस्ट्री युद्ध म्हणतात. सांता आना म्हणून मेक्सिकोचा एक जनरल होता त्याचा त्यात पाय गेला, त्याने नंतर त्या पायाचा लष्करी इतमामात दफनविधी केला. हे सगळं मला त्याच रस्त्याच्या बाजूला असलेल्या नॅशनल म्युझियम ऑफ मेक्सिकन आर्टमध्ये गेल्यानंतर वाचायची हौस लागली म्हणून कळलं. ते म्युझियम फुकट आहे, आधी तिथं जा मग बेकरीत, दोन्ही चालत जाण्याइतकं जवळ.

आता शाकाहारी मंडळी. सरळ सांगते, इथं नीट विचारल्याशिवाय खाऊ नका. अंडं बहुतेक सगळ्यात असतंच. आणि दुसरी गोष्ट मान्तेका, म्हणजे डुकराची चरबी. मेक्सिकन बेकिंगमध्ये ती पूर्वापार वापरतात, आता बऱ्याच बेकऱ्या वनस्पती तूप नाहीतर मार्जरीन वापरतात कारण ते स्वस्त पडतं, पण दुकानागणिक आणि पदार्थागणिक बदलतं. लेबलं कशावरच नसतात. "तिएने मान्तेका दे पुएर्को?" असं विचारायचं, यात डुकराची चरबी आहे का असा त्याचा अर्थ. नुसतं मान्तेका म्हणून थांबू नका, कारण वनस्पती तुपाला पण ते मान्तेका वेहेताल म्हणतात आणि ती आपली हो म्हणून मोकळी होईल. आमच्या दुकानातली मावशी मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा आत जाऊन भट्टीवाल्याला विचारून आली आणि म्हणाली, मिहा, कोंचात नाही, ओरेखात नाही, पण एम्पानादाच्या पारीत आहे, ती घेऊ नकोस. मिहा म्हणजे पोरी, सगळ्यांनाच म्हणतात, पण परक्या गावात कुणी पोरी म्हणून दोन वाक्यं जास्त बोललं की बरं वाटतं हे खरंय. रंगीत जेली कपमध्ये दिसतात त्यात जिलेटिन असतं, ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात, त्या बाद. अंडं पण न खाणारे असाल तर कपाटांकडे बघूच नका, सरळ काउंटरवर या.

काउंटर हा या दुकानाचा खरा खजिना आहे आणि कुणी बोलत नाही त्याबद्दल. मावशीच्या गल्ल्याच्या पुढे प्लॅस्टिकच्या बरण्या आणि खोके असतात त्यात सगळा चिल्लर गोडवा. एक म्हणजे दे ला रोसाचं मासापान, शेंगदाण्याचं कूट आणि साखर दाबून केलेली गोल चकती, वेष्टनावर लाल गुलाब. अर्ध्या डॉलरच्या आसपास मिळतं. हे न मोडता उघडणं ही कला आहे, बोटाने जरा जोर लागला की भुगाच होतो, मेक्सिकन पोरं यावर पैजा लावतात. मी सरळ भुगा करून तोंडात ओतते. मग काहेता, बकरीचं दूध तासन् तास आटवून केलेला कॅरमल, सेलाया गावचा प्रसिद्ध आहे, तो पातळ पापडीसारख्या दोन ओब्लियांमध्ये लावून विकतात. ही खूप गोड आहे, आणि ज्यांना वर कोंचा फिका वाटला त्यांनी हीच घ्यावी. चिंचेच्या गोळ्या आहेत तिखटमीठ लावलेल्या, त्या घेतल्या की बस येईपर्यंतचा वेळ मजेत जातो.

आणि अलेग्रिया. राजगिऱ्याची वडी हो, डिट्टो. फुललेला राजगिरा मधात किंवा पिलोन्सियोच्या पाकात घालून थापलेला, वरून शेंगदाणे, बेदाणे, भोपळ्याच्या बिया. आई आली होती तेव्हा आषाढी एकादशी मध्येच आली आणि घरात साबुदाणा संपलेला, तर मी धावत जाऊन ही आणली. आईने उलटसुलट करून बघितली, वास घेतला आणि म्हणाली "ह्यांना कुणी शिकवली गं?" वास्तविक शिकवलं असेल तर त्यांनीच आपल्याला. राजगिरा मूळचा तिकडचाच, आपल्याकडे नंतर आलाय. मेक्सिकोतले जुने आझ्टेक लोक राजगिऱ्याचं पीठ मळून देवांच्या मूर्ती करायचे आणि पूजा झाली की त्या तोडून प्रसादासारख्या वाटून खायचे, स्पॅनिश पाद्र्यांना ते काही झेपलं नाही. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली असू दे, उपासाला चालतंय ना मग झालं, आणि दोन खाल्ल्या. जाताना डझनभर बॅगेत भरून नेल्या, नागपूरला सगळ्यांना वाटल्या म्हणे.

गोडाचा विषय असला तरी पावाबद्दल दोन ओळी लिहितेच. कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात बोलियो आणि तेलेरा असतात, साधे पाव, गोड पावापेक्षाही स्वस्त. बोलियो मधे फुगीर दोन टोकांना निमुळता, कवच कडक. मेक्सिकोत माणूस घाबरला, भूकंप झाला, काहीही झालं की आधी एक बोलियो खा म्हणतात, दचकल्यावर पोटात काहीतरी जावं म्हणून. आपल्या कामाचा मात्र तेलेरा, चपटा, वर दोन रेघा, आतून मऊ. मधोमध कापून तव्यावर बटर लावून भाजलात तर पावभाजीला सुपरमार्केटच्या त्या गोडसर बर्गर बनपेक्षा शंभरपटीने बरा. वडापावला पण चालतो पण मग वडा मोठा करा, नाहीतर नुसता पावच पाव लागतो.

तक्रारी आहेत बऱ्याच. दहा डॉलरच्या खाली कार्ड घेत नाहीत आणि मग तुम्ही ते दहा पुरे करायला काहीबाही घेत बसता, त्यातच तुमची स्वस्ताई गेली, त्यामुळे कॅश न्या. कॉफी थर्मासमधली, सकाळपासूनची, पिऊ नका. बाहेर हातगाडीवर चाम्पुर्रादो मिळालं तर ते घ्या, मक्याचं पीठ घालून केलेलं दाट गरम चॉकलेट, शिकागोच्या थंडीत त्याला तोड नाही. पिशवीत मावशी सगळं एकत्र कोंबते, ओरेखावर कोंचा आणि कोंचावर एम्पानादा, घरी जाईपर्यंत अर्ध्याचा चुरा. आता मी दोन पिशव्या मागून घेते. एकदा चक्क कालचे कोंचे आजच्या कपाटात मिसळलेले होते, फाडल्यावर कळलं, सांगितलं तर बदलून दिले पण तोंड वाकडं करून. त्रेस लेचेस केकचा तुकडा फ्रीजमध्ये असतो, तीन प्रकारच्या दुधात भिजवलेला, आटवलेलं, साखर घातलेलं आणि तिसरं क्रीम. चांगला असतो पण पाचेक डॉलर, आणि स्वस्तात खायचं म्हणून गेलो होतो ना आपण?

हल्ली त्याच रस्त्यावर नव्या पद्धतीची कॅफे झाली आहेत, तिथं माचा (हिरव्या चहाची पूड) कोंचा, ऊबे (जांभळा कंद) कोंचा, आत क्रीम भरलेला कोंचा, पाच-सहा डॉलरला एक. खाऊन बघितलाय, वाईट नाही, लोणी खरं असतं आणि पाव खरोखर मऊ असतो, पण तिथं बहुतेक गिऱ्हाईक बाहेरून येणारं आणि भाडी वाढल्यामुळे मोहल्ल्यातले लोक तिकडे लांब राहायला गेलेत ते वेगळंच. माझा कौल जुन्या दुकानाला, साडेचार स्टार, अर्धा कार्डाच्या नियमासाठी कापला.

सीझनचं सांगायचं राहिलं. ऑक्टोबरच्या शेवटी पान दे मुएर्तो येतो, मृतांच्या दिवसांसाठीचा, गोल पाव आणि वर पिठाचीच हाडं आडवीउभी लावलेली, संत्र्याचा वास, वर साखर. म्युझियममध्ये त्याच सुमारास दरवर्षी त्या सणाचं मोठं प्रदर्शन असतं त्यामुळे दोन्ही एकाच फेरीत जमतं. आणि ६ जानेवारीला रोस्का दे रेयेस, भलंमोठं लंबगोल कडं, वर साखरेत मुरवलेल्या फळांच्या रंगीत पट्ट्या आणि आत कुठेतरी प्लॅस्टिकचं बारकं बाळ लपवलेलं. ज्याच्या तुकड्यात बाळ निघेल त्याने २ फेब्रुवारीला सगळ्यांना तामाले (मक्याच्या पिठात सारण भरून कणसाच्या सालात उकडलेले) खायला घालायचे असा नियम आहे. आमच्या ग्रुपमध्ये ते बाळ आमच्यातल्या सगळ्यात चिकट माणसाच्या वाट्याला आलं आणि त्याने ते गिळल्यासारखं करून लपवायचा प्रयत्न केला, पण सुटला नाही, चीज आणि मिरचीचे शाकाहारी तामाले त्यालाच आणावे लागले. रोस्का घ्यायची असेल तर दोन-तीन दिवस आधी जाऊन ऑर्डर लिहून या, ६ तारखेला संध्याकाळी नुसते गेलात तर रांग फुटपाथवर येते आणि शेवटी संपल्याचं सांगतात. मध्यम साईझ दहा जणांना पुरते, मोठीच्या भरीस पडू नका, दुसऱ्या दिवशी ती वाळून दगड होते.